संगणकीय फाईलींचे शुद्धीकरण : प्रक्रिया-पद्धती कशी निवडावी?

बँकेच्या व्यवहारात कागदाची जागा फाईलने घेतली, त्यास आता बराच काळ लोटला आहे. कर्जाच्या अर्जासोबतचा ताळेबंद, पगारपत्रकाची यादी, ग्राहक-ओळखीची छायाचित्रे, पॅनेलवरील वकिलांचा शोध-अहवाल, नोकरीसाठी आलेला अर्ज हे सारे आज ई-मेलने, संकेतस्थळावरून किंवा पेन ड्राईव्हमधून आपल्याकडे येते. पूर्वी टपालाने आलेला लिफाफा आवक-जावक विभागात उघडला जाई, त्यावर शिक्का बसे आणि मगच तो संबंधित मेजावर पोहोचे. संगणकीय फाईल मात्र थेट अधिकाऱ्याच्या पडद्यावर उघडते. कागद वाचल्याने वाचणाऱ्यास अपाय होत नसे. फाईल उघडल्याने होऊ शकतो. म्हणूनच फाईलींसाठीही एक ‘आवक विभाग’ असावा, असा विचार संगणक-सुरक्षेच्या क्षेत्रात पुढे आला. त्यातून जी व्यवस्था उभी राहिली तिला फाईल-शुद्धीकरण असे म्हणता येईल. तांत्रिक परिभाषेत तिचे नाव ‘कंटेंट डिसआर्म अँड रिकन्स्ट्रक्शन’, म्हणजेच आशयाचे निःशस्त्रीकरण व पुनर्रचना, संक्षेपाने सीडीआर.

अशी प्रणाली विकत घेणे तुलनेने सोपे असते. ती कोणत्या फाईलीवर कोणत्या पद्धतीने चालवावी, हे ठरविणे अधिक कठीण असते. पद्धत फार सैल ठेवली तर धोका आत शिरतो. फार कडक ठेवली तर कायदेशीर दस्तऐवज निरुपयोगी होतो, हिशेबातील सूत्रे नाहीशी होतात आणि कंटाळलेला कर्मचारी आडवाट शोधू लागतो. प्रस्तुत लेखात या पद्धतींचा आणि त्यांच्या निवडीचा विचार केला आहे.

फाईलीच्या पोटात काय असते?

वरवर पाहता फाईल म्हणजे मजकूर किंवा चित्र. प्रत्यक्षात ते एक गाठोडे असते. ‘ऑफिस २००७’ पासून रूढ झालेल्या वर्ड व एक्सेलच्या फाईली तर शब्दशः झिप स्वरूपातील गाठोडी आहेत. त्यांत मजकुराचा एक भाग, अक्षरांच्या शैलीचा दुसरा, चित्रांचा तिसरा, बाहेरच्या दुव्यांची नोंद चौथा, असे अनेक भाग एकत्र बांधलेले असतात. फाईलीत मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारी आज्ञावली असेल, तर तिचाही स्वतंत्र भाग असतो. पीडीएफ फाईल अनेक घटकांची बनलेली असते. त्यांत मजकूर व चित्रे तर असतातच. परंतु जावास्क्रिप्ट भाषेतील आज्ञा, फाईल उघडताच करावयाची कृती, आत दडवलेली दुसरी फाईल असेही घटक असू शकतात. साध्या छायाचित्रातही ते कोणत्या यंत्राने, केव्हा आणि कधी कधी कोणत्या ठिकाणी टिपले याच्या नोंदी असतात.

यांपैकी बहुतेक सोयी चांगल्या हेतूने निर्माण झाल्या. मॅक्रोमुळे मासिक विवरणपत्र एका कळीवर तयार होते. बाहेरच्या दुव्यामुळे एका तक्त्यातील आकडे दुसऱ्यात आपोआप येतात. मात्र जी सोय फाईलीकडून काम करवून घेते, तीच सोय फाईलीकडून घात करवून घेण्यासही उपयोगी पडते.

आजवरचा अनुभव

मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ नावाचा मॅक्रो-विषाणू पसरला. वर्डची फाईल उघडताच तो वापरकर्त्याच्या पत्तासूचीतील पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःची प्रत धाडीत असे. मे २००० मधील ‘आय लव्ह यू’ या प्रकरणात फाईलीच्या नावात मजकुराच्या फाईलीचे ‘टीएक्सटी’ हे अक्षरचिन्ह होते आणि त्यापुढे आज्ञावलीचे ‘व्हीबीएस’ हे खरे चिन्ह होते. विंडोज प्रणाली परिचित प्रकारांची शेवटची चिन्हे लपवीत असल्याने पाहणाऱ्यास ते साधे पत्र वाटले. मे २०२२ मध्ये उघडकीस आलेल्या ‘फोलिना’ या दोषात तर मॅक्रोचीही आवश्यकता नव्हती. वर्डच्या फाईलीतील एक बाह्य दुवाच घातक आज्ञा ओढून आणीत असे.

बँकांच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण बांगलादेश बँकेचे होय. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यू यॉर्क येथील फेडरल रिझर्व्ह बँकेतील तिच्या खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर काढण्याचा प्रयत्न झाला आणि ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समधील खात्यांत वळविण्यात आले. अमेरिकेच्या न्याय विभागाने सप्टेंबर २०१८ मध्ये जाहीर केलेल्या फिर्यादीनुसार, या कटाची तयारी २०१५ च्या आरंभी पाठविलेल्या ई-मेलपासून झाली होती. नोकरीसाठी इच्छुक असलेल्या उमेदवाराच्या नावाने ती पत्रे आली होती आणि दुव्यामागे परिचयपत्राची झिप फाईल होती. परिचयपत्र उघडणे हे कोणत्याही कार्यालयाचे नेहमीचे, निरुपद्रवी काम. तेथूनच चोराने पाऊल आत टाकले.

इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाईलींतील मॅक्रो २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने मूळ मांडणीतच रोखून धरण्यास आरंभ केला. तेव्हा हल्लेखोरांनी डिस्कच्या प्रतिमा-फाईली, शॉर्टकट फाईली आणि २०२३ च्या आरंभी वननोटच्या फाईली यांचा आश्रय घेतला. एक दार बंद झाले की दुसरे शोधले जाते, हा या क्षेत्राचा नियमच आहे.

ओळख पटविणे आणि नक्कल करणे

पारंपरिक व्हायरस-प्रतिबंधक सॉफ्टवेअर प्रामुख्याने परिचित गुन्हेगारांची छायाचित्रे हाती घेऊन दारावर उभ्या राहिलेल्या पहारेकऱ्यासारखे काम करते. चेहरा जुळला तर अडवावे, न जुळला तर सोडावे. पूर्वी कधीही न दिसलेला गुन्हेगार त्याच्या नजरेतून सुटू शकतो. आधुनिक सॉफ्टवेअर संशयास्पद वर्तनही तपासते, तरी मूळ प्रश्न ‘ही फाईल वाईट आहे काय?’ हाच राहतो.

शुद्धीकरण प्रणाली हा प्रश्न विचारीतच नाही. जुन्या कचेऱ्यांत नक्कलनवीस असत. मूळ दस्तऐवज समोर ठेवून ते स्वच्छ कागदावर त्याची अक्षरशः नक्कल उतरवीत. मूळ कागदाला विष लावलेले असले, तरी नकलेत ते उतरत नसे. शुद्धीकरण प्रणाली तेच करते. प्रथम फाईलीचा खरा प्रकार ओळखला जातो. त्यासाठी नावाच्या शेवटच्या चिन्हावर विसंबून न राहता फाईलीचे आरंभीचे अंश पाहिले जातात. झिप फाईलीच्या आरंभी ‘पी-के’, तर विंडोजवरील चालू शकणाऱ्या आज्ञावलीच्या आरंभी ‘एम-झेड’ ही रोमन अक्षरे असतात. नाव ताळेबंदाचे आणि आरंभ आज्ञावलीचा, असे आढळल्यास पुढील तपासाची गरजच उरत नाही. त्यानंतर फाईलीचे घटक सुटे करून प्रत्येक घटक त्या प्रकारच्या अधिकृत रचनेशी पडताळला जातो. अखेरीस जे घटक आवश्यक व निर्धोक ठरतात, त्यांचीच नवी फाईल बांधून ती पुढे दिली जाते.

प्रमुख प्रक्रिया-पद्धती

निरनिराळ्या उत्पादनांत नावे वेगवेगळी असली, तरी पुढील सहा पद्धती बहुधा आढळतात.

१) निरीक्षण पद्धत : यात फाईलीचे विश्लेषण होऊन अहवाल तयार होतो, फाईल मात्र जशीच्या तशी पुढे जाते. संरक्षण शून्य, माहिती भरपूर. प्रणाली नव्याने बसविताना ती उपयुक्त ठरते. परंतु हीच कायमची ठेवल्यास दारावर फक्त नोंदवही ठेवल्यासारखे होईल.

२) मूळ स्वरूपात शुद्धीकरण : वर्डची फाईल वर्डचीच आणि एक्सेलची एक्सेलचीच राहते, घातक ठरू शकणारे घटक तेवढे गळतात. पुढे संपादन करावयाचे असेल तेथे ही पद्धत योग्य.

३) रूपांतर पद्धत : आलेला दस्तऐवज साध्या पीडीएफमध्ये बदलला जातो. केवळ वाचन आणि संग्रह अपेक्षित असेल तेथे ती पुरेशी होते. सूत्रे, मॅक्रो व संपादनाची सोय जाते.

४) प्रतिमा पद्धत : प्रत्येक पृष्ठाचे चित्र काढून त्या चित्रांची नवी फाईल बनविली जाते. फ्रीडम ऑफ द प्रेस फाउंडेशनचे ‘डेंजरझोन’ हे मुक्त सॉफ्टवेअर याच तत्त्वावर चालते. ते फाईल एका बंदिस्त, इंटरनेटविरहित कप्प्यात उघडते, तिच्या पृष्ठांचे रंगबिंदू घेते आणि त्यांपासून नवी पीडीएफ तयार करते. सुरक्षितता सर्वाधिक, परंतु मजकूर शोधता येत नाही, तो हवा असल्यास अक्षर-ओळखीची जोड द्यावी लागते आणि फाईलीचा आकारही वाढतो.

५) मज्जाव : विशिष्ट प्रकारची फाईल स्वीकारलीच जात नाही. चालू शकणाऱ्या आज्ञावली, शॉर्टकट, डिस्कच्या प्रतिमा यांचे शाखेत काही प्रयोजन नसते. त्यांच्यासाठी हीच पद्धत रास्त.

६) मुभा : फाईल प्रक्रियेशिवाय पुढे जाते. ही पद्धत अपवादात्मक असावी. तिचे कारण, मंजूर करणारा अधिकारी आणि मुदत यांची लेखी नोंद हवी.

या पद्धतींच्या पोटात आणखी एक स्तर असतो. मॅक्रो, बाह्य दुवे, जोडलेल्या फाईली, जावास्क्रिप्ट, टिपा, अंतर्गत नोंदी अशा प्रत्येक घटकासाठी तीनपैकी एक निर्णय घेता येतो: राहू द्यावा, काढून टाकावा किंवा तो आढळल्यास संपूर्ण फाईलच नाकारावी. ‘काढून टाकावा’ आणि ‘नाकारावी’ यांतील अंतर महत्त्वाचे आहे. दुवा काढल्यास पत्राचा अर्थ बिघडत नाही. मात्र मॅक्रोवरच आकडेमोड अवलंबून असलेला तक्ता मॅक्रो काढून पुढे दिला, तर त्यातील आकडे जुने असण्याचा संभव राहतो आणि वाचणाऱ्यास ते कळतही नाही. अशा ठिकाणी फाईल नाकारून कारण कळविणे अधिक प्रामाणिक ठरते.

कामाप्रमाणे पद्धत

सर्व फाईलींना एकच नियम लावणे हा या विषयातील सर्वांत मोठा प्रमाद होय. फाईल कोठून आली, कोणाकडे चालली आणि तिचे पुढे काय व्हावयाचे आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून पद्धत ठरवावी.

नोकरीचे अर्ज, तक्रारी व सर्वसाधारण पत्रव्यवहार अपरिचितांकडून येतो आणि तो केवळ वाचावयाचा असतो. येथे रूपांतर किंवा प्रतिमा पद्धत निःशंकपणे लावावी.

कर्ज विभागाची गोष्ट वेगळी. कर्जदाराचे सनदी लेखापाल ‘सीएमए’ तक्ते बहुधा एक्सेलमध्ये पाठवितात. त्यांतील एका पानावरचे आकडे दुसऱ्या पानावर सूत्रांनी जोडलेले असतात आणि खेळत्या भांडवलाचे अनुमान कसे काढले, हे अधिकाऱ्याने त्या सूत्रांवरूनच तपासावयाचे असते. त्याची पीडीएफ केली तर आकडा दिसेल, परंतु तो कोठून आला हे दिसणार नाही. शुद्धीकरणाच्या नावाखाली पतछाननीच दुबळी होईल. म्हणून येथे मूळ स्वरूपात शुद्धीकरण करावे. सूत्रे राहू द्यावीत. मॅक्रो व बाह्य दुवे यांवर मात्र कडक निर्णय ठेवावा.

पगारवाटपाच्या याद्या अनेकदा स्वल्पविरामाने विभागलेल्या साध्या मजकुराच्या फाईलीत येतात. त्यातही एक खोच आहे. बरोबर, अधिक, उणे किंवा ‘ॲट’ या चिन्हाने आरंभ होणारा रकाना एक्सेल सूत्र समजून उघडू शकते आणि त्यातून आज्ञा घुसविता येते. यावर उपाय म्हणून अशा रकान्यांपूर्वी अवतरणचिन्ह घालण्याची सोय असते. परंतु वजा रक्कम उणे चिन्हानेच आरंभ होते आणि दूरध्वनी क्रमांकापूर्वी अधिक चिन्ह असू शकते. सरसकट नियम लावल्यास रक्कम ही रक्कम न राहता मजकूर बनते आणि सारी फाईल मुख्य प्रणालीत अडकते. येथे रचनेची पडताळणी हाच योग्य मार्ग: कोणत्या रकान्यात अंक, कोणत्यात अक्षरे, किती लांबीपर्यंत, हे निश्चित करावे आणि त्यात न बसणारी ओळ परत करावी.

ग्राहक-ओळखीची छायाचित्रे नव्याने सांकेतिक करून घेतल्यास त्यांत दडविलेली माहिती सहसा नष्ट होते आणि स्थानाची नोंदही जाते. हे ग्राहकाच्या खासगीपणाच्याही हिताचे आहे. मात्र धनादेशांच्या प्रतिमांना हाच नियम लावू नये. चेक ट्रंकेशन पद्धतीत धनादेशाच्या प्रतिमा व माहिती डिजिटल स्वाक्षरीच्या संरक्षणाखाली पाठविली जाते. तेथे प्रतिमेस मध्येच हात लावणे म्हणजे पुराव्यास हात लावणे होय. त्या मार्गाचे संरक्षण त्याच्या स्वतंत्र जाळ्याने व स्वाक्षरी-तपासणीने व्हावे.

दिशेचाही विचार हवा. वकिलांकडून आलेल्या करारनाम्याच्या मसुद्यातील टिपा आणि सुचविलेले बदल हाच त्या फाईलीचा गाभा असतो. आवक मार्गावर ते राहू द्यावे लागतात. उलट तोच मसुदा ग्राहकाकडे जाताना आपल्या अंतर्गत टिपा त्यात राहणे घातक. म्हणून जावक मार्गावर त्याच घटकासाठी नेमका विरुद्ध निर्णय योग्य ठरतो.

डिजिटल स्वाक्षरी आणि पुरावा

शुद्धीकरणाचा सर्वांत नाजूक प्रश्न डिजिटल स्वाक्षरीचा आहे. अशी स्वाक्षरी फाईलीच्या गणिती ठशावर, म्हणजे हॅशवर आधारलेली असते. फाईलीतील एक अंश बदलला तरी ठसा बदलतो आणि स्वाक्षरी अवैध दिसू लागते. शुद्धीकरण प्रणाली तर संपूर्ण फाईल नव्याने बांधते. परिणामी ई-आधार, डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा उतारा किंवा स्वाक्षरित करप्रमाणपत्र शुद्धीकरणानंतर वाचता येते; परंतु त्याची अस्सलता सिद्ध करणारा भाग उरत नाही.

यावर तोडगा क्रमात आहे. प्रथम बंदिस्त व्यवस्थेत मूळ फाईलीची स्वाक्षरी तपासावी आणि निष्कर्ष नोंदवावा. नंतर मूळ फाईल तिच्या हॅशसह सुरक्षित कोठीत ठेवावी. आणि मेजावरील अधिकाऱ्यास शुद्ध केलेली प्रत द्यावी. रोजचे काम प्रतीवर चालेल, वाद उद्भवल्यास मूळ उपलब्ध असेल. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाखाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यावयाच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यातही हॅशचा उल्लेख करावा लागतो. तेव्हा मूळ फाईल पुसून टाकणारी मांडणी बँकेस न्यायालयात अडचणीत आणू शकते, हे तंत्रज्ञांइतकेच विधी विभागानेही ध्यानी घ्यावे.

परवलीचा शब्द आणि गाठोड्यातील गाठोडी

परवलीच्या शब्दाने बंद केलेली फाईल प्रणालीस उघडता येत नाही; मग ती शुद्ध कशी करणार? अशी फाईल सरसकट सोडून दिल्यास हल्लेखोर प्रत्येक फाईलीला कुलूप लावून किल्ली पत्रातच लिहून पाठवील. सरसकट नाकारल्यास खातेविवरणे व ई-आधार अडतील. मधला मार्ग असा की, फाईल थांबवून ठेवावी, प्राप्तकर्त्यास सुरक्षित पृष्ठावर परवलीचा शब्द भरण्यास सांगावे, प्रणालीने फाईल उघडून शुद्ध करावी आणि मगच ती द्यावी.

झिप फाईलीत झिप, तिच्यात आणखी झिप असाही प्रकार असतो. संगणक क्षेत्रात कुप्रसिद्ध असलेली एक झिप फाईल अवघी ४२ किलोबाईटची आहे. तिचे सर्व थर उलगडले तर सुमारे ४५ लाख गिगाबाईट होतात. शुद्धीकरण प्रणालीसच श्वास कोंडून बंद पाडणे, हाच अशा फाईलीचा हेतू. म्हणून किती थरांपर्यंत उघडावे, उलगडलेला आकार किती चालेल आणि किती वेळ थांबावे, या तिन्ही मर्यादा आधीच ठरवून द्याव्यात.

प्रणालीच बंद पडली तर काय, हाही निर्णय आगाऊ घ्यावा लागतो. फाईली तशाच पुढे जाऊ द्याव्यात की रोखून धराव्यात? ई-मेल काही तास उशिरा पोहोचल्याने आकाश कोसळत नाही. तेथे रोखून धरणेच श्रेयस्कर. महिनाअखेरीच्या पगारवाटपासारख्या मुदतीच्या कामांसाठी ‘सर्व जाऊ द्या’ हे बटण न ठेवता पर्यायी यंत्रणा सज्ज ठेवावी.

मराठी व अन्य भारतीय भाषांतील दस्तऐवज

हा मुद्दा परदेशी बनावटीच्या प्रणालींच्या माहितीपुस्तिकेत क्वचितच सापडतो. आपल्या शाखांत मात्र तो हटकून उभा राहतो. सहकारी संस्थांचे ठराव, ग्रामीण भागातील दाखले, जुनी भाडेपत्रे यांपैकी अनेक दस्तऐवज युनिकोडपूर्व काळातील श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या टंकांत तयार झालेले असतात. त्यांतील मराठी अक्षरे प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागी बसविलेली असतात. शुद्धीकरण यंत्रावर तो टंक नसेल, तर पीडीएफमध्ये मराठीऐवजी निरर्थक रोमन अक्षरांची माळ उमटते. अधिकाऱ्यास वाटते फाईल खराब. ग्राहकास वाटते बँक टाळाटाळ करते.

फाईलीतच टंक अंतर्भूत केलेला असेल तर प्रश्न सुटावा. परंतु टंकही निर्धोक नसतो. २०११ मध्ये उघडकीस आलेल्या ‘ड्यूकू’ या घातक आज्ञावलीने वर्डच्या फाईलीतील ट्रूटाईप टंकाच्या मार्गानेच विंडोजमधील दोषाचा लाभ घेतला होता. त्यामुळे अनेक प्रणाली अंतर्भूत टंक काढून टाकतात. अशा वेळी रूढ भारतीय टंक शुद्धीकरण यंत्रावर रीतसर बसवून घेणे आणि बाहेरून आलेले टंक गाळणे हा मार्ग सुरक्षित आहे. प्रतिमा पद्धतीसोबत अक्षर-ओळख वापरावयाची असल्यास तीत मराठी, हिंदी, गुजराती, कन्नड अशा आपापल्या क्षेत्रातील भाषांचा संच आहे ना, हे पाहावे. इंदूर, बडोदे किंवा बेळगाव येथील शाखेत एकाच दिवशी दोन-तीन लिप्यांतील कागदपत्रे येतात, याचा विसर मुख्य कार्यालयातील मांडणी करणाऱ्यांस पडू नये.

अंमलबजावणीचा क्रम

प्रथम काही आठवडे निरीक्षण पद्धत ठेवून कोणत्या विभागात कोणत्या फाईली येतात, त्यांत कोणते घटक असतात याचा अहवाल मिळवावा. त्या अहवालावरून विभागवार धोरण लिहावे आणि ते त्या विभागाच्या प्रमुखांकडून संमत करून घ्यावे. मग एक-दोन शाखांत संरक्षण सुरू करावे. चाचणीसाठी विभागांतील नित्याच्या फाईलींचे नमुने घ्यावेत: सूत्रे असलेला तक्ता, स्वाक्षरित उतारा, जुन्या टंकातील ठराव, परवलीचा शब्द असलेले विवरण. धोका अडला की नाही याबरोबरच काम अडले की नाही, हेही तपासावे. त्यानंतरच सर्वत्र विस्तार करावा.

मूळ फाईल कोठीतून सोडविण्याचा अधिकार कोणास, हे स्पष्ट असावे. मागणारा आणि मंजूर करणारा एकच नसावा. रोखपेटीच्या दोन किल्ल्यांचे तत्त्व येथेही लागू आहे. शुद्धीकरणात काय काढले, हे सांगणारी एक ओळ प्राप्तकर्त्याच्या भाषेत फाईलीसोबत द्यावी. ‘या तक्त्यातील मॅक्रो काढण्यात आला आहे’ एवढे जरी लिहिले, तरी संभ्रम टळतो.

रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ च्या परिपत्रकाद्वारे बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली. ‘सर्ट-इन’ या राष्ट्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार ठरावीक सायबर घटना निदर्शनास आल्यापासून ६ तासांत कळविणे आणि संगणक-नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. शुद्धीकरण प्रणालीच्या नोंदी या दोन्ही कामी उपयोगी पडतात. मात्र त्या कोणीतरी नियमितपणे वाचल्या पाहिजेत.

मर्यादा आणि ग्राहकांस विनंती

कोणतीही प्रणाली सर्वरोगहर नसते. शुद्ध केलेल्या फाईलीतील मजकूर खोटा असू शकतो. बनावट देयक निर्धोक पीडीएफमध्ये आले म्हणून ते खरे ठरत नाही. खाते क्रमांक बदलल्याचे पत्र आले, तर पूर्वीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खातरजमा करण्यास पर्याय नाही.

शिवाय बँकेच्या दारावरील व्यवस्था ग्राहकाच्या हातातील मोबाईलपर्यंत पोहोचत नाही. लग्नाची निमंत्रणपत्रिका, वाहतूक दंडाची नोटीस किंवा ‘केवायसी’ अद्ययावत करण्याची सूचना म्हणून येणारी ‘एपीके’ फाईल हे पत्रच नव्हे. ते मोबाईलवर बसविले जाणारे ॲप असते. त्याला परवानगी दिली की आपले संदेश व ओटीपी परक्याच्या हाती जाऊ शकतात. आपली बँक व्हॉट्सॲपवरून अशी फाईल पाठवीत नाही, हे ग्राहकबंधू-भगिनींनी घरातील ज्येष्ठांनाही आवर्जून सांगावे. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच बँकेस कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

बँकेस कागदपत्रे पाठविताना शक्यतो मॅक्रोविरहित फाईली पाठवाव्यात, परवलीचा शब्द त्याच पत्रात लिहू नये, आणि स्वाक्षरित दस्तऐवजाची मूळ फाईल आपल्यापाशी जपून ठेवावी. आपण पाठविलेली फाईल शाखेत थोड्या वेगळ्या रूपात दिसली किंवा ती पुन्हा मागविली गेली, तर त्यामागे ही व्यवस्था असू शकते, हे जाणून सहकार्य करावे. कर्मचाऱ्यांनीही फाईल अडली म्हणून ती वैयक्तिक ई-मेल किंवा पेन ड्राईव्हच्या वाटेने आणू नये. अडचण संबंधित कक्षास कळवावी, म्हणजे धोरणच सुधारता येईल.

आवक विभागातील शिक्का मारणाऱ्या कारकुनाने लिफाफ्यातील पत्र फाडले नाही आणि न तपासता पुढेही ढकलले नाही, म्हणूनच त्या व्यवस्थेवर साऱ्या कार्यालयाचा विश्वास बसला. फाईलींच्या या नव्या आवक विभागाकडूनही तेवढीच अपेक्षा आहे. ती पूर्ण होणे बहुतांशी पद्धतीच्या निवडीवर अवलंबून आहे, आणि ही निवड संगणक कक्षाने एकट्याने न करता फाईलींवर रोज काम करणाऱ्या विभागांच्या सल्ल्यानेच करावयाची असते.